बसून बोलणारं घर

लग्न जुळवताना मराठी घर ज्या तयारीने बोलायला बसतं, ती तयारी नंतर क्वचितच दिसते. दोन्हीकडची वडीलधारी माणसं येतात, मामा-आत्यांना आवर्जून बोलावणं जातं, सतरंजी अंथरली जाते, चहापोहे होतात आणि मग एकेक मुद्दा निघतो. कार्यालय कुणी ठरवायचं, जेवणाचा खर्च कसा वाटून घ्यायचा, मानाच्या साड्या किती, वरातीचं काय. बोलणी फिसकटतात, कुणीतरी समजूत घालतं, पुन्हा सुरू होतात. सगळं जमलं की याद्या होतात आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या पडतात. एका दिवसाच्या कार्यासाठी इतकं बारकाईने बोलणारी हीच माणसं पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संसाराबद्दल त्या बैठकीत अवाक्षर काढत नाहीत. मुलीची नोकरी चालू राहिली तर सकाळचा स्वयंपाक कोण करणार, पगार कुणाच्या खात्यात जाणार, तिच्या आईवडिलांचं म्हातारपण कोण पाहणार, हे प्रश्न कुठल्याच यादीत नसतात.

घराची दुसरी मोठी बैठक भरते ती वाटणीच्या वेळी. पंच बसतात, भाऊबंद बसतात. बांध मोजला जातो, पितळेची भांडी मोजली जातात, आई कुणाकडे किती महिने राहणार तेही ठरतं. तिथेही कागद होतो आणि सह्या होतात. म्हणजे घर जुळताना बसतं आणि मोडताना बसतं. मधली सगळी वर्षं ते न बसता चालतं. हे पुस्तक त्या मधल्या वर्षांबद्दल आहे.

त्या वर्षांत घरात बोलणं होत नाही असं नाही. बोलणं दिवसभर चालू असतं, पण ते तुकड्या-तुकड्यांनी आणि आडवाटेने होतं. मुलगा वडिलांशी थेट बोलत नाही. ‘आई, तू सांग ना बाबांना’ म्हणतो. वडीलही मुलाला थेट विचारत नाहीत. ‘काय ठरवलंय तुझ्या चिरंजीवांनी’ असं आईलाच विचारतात. सून सासूबद्दल नवऱ्याशी बोलते, सासू सुनेबद्दल लेकीशी फोनवर बोलते, आणि ती लेक आपल्या घरी स्वतःच्या सासूबद्दल आईशी बोलते. निरोप पोचवणारी बाई प्रत्येक निरोपातला कडवटपणा थोडा कमी करते, थोडा स्वतःजवळ ठेवते. घराची शांतता अनेकदा तिच्या एकटीच्या सोसण्यावर उभी असते. ती आजारी पडली किंवा गेली, की बाप-लेक समोरासमोर येतात आणि दोघांनाही कळतं की आपण एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. बदल घरात येतोच; कायद्याने येतो, शिक्षणाने येतो, नोकरीने येतो, संकटाने येतो. पण घरातल्या सगळ्यांनी बसून ज्याबद्दल बोलून घेतलं, तोच बदल घरात टिकतो. बाकीचे कागदावर राहतात, नाहीतर एखाद्या माणसाच्या अंगावर पडतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या सुशिक्षित समाजाने जे वाद घातले, त्यांतले कितीतरी घराच्या उंबरठ्याआतले होते. मुलीचं लग्न कोणत्या वयात व्हावं, विधवेचं केशवपन करावं का, बायकोने शिकावं का. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या मतभेदातून आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होताना महाराष्ट्र दोन तटांत विभागला गेला. सभा झाल्या, अग्रलेख झडले, पत्रकं निघाली. ज्या मुलींच्या वयाबद्दल हा सगळा वाद चालला होता, त्या मुलींना मात्र कुणी काही विचारलं नाही.

याच काळातलं एक घर आपल्याला आतून पाहायला मिळतं ते रमाबाई रानडे यांच्यामुळे. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं, आधी मराठी आणि पुढे इंग्रजी. रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी, १९१० साली, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक आलं. त्यात नवऱ्याबद्दल अपार आदर आहे. आणि घरातल्या मोठ्या बायकांनी या शिकणाऱ्या सुनेला काय काय ऐकवलं, तेही त्यात स्पष्ट आहे. शिकवण्याचा निर्णय रानड्यांचा. त्याबद्दलची बोलणी खाल्ली रमाबाईंनी, दिवसभर, माजघरात. रानड्यांचा सल्ला असा की उलट उत्तर देऊ नये, निमूटपणे सोसावं.

रानड्यांसारखा मोठा सुधारकही घरातल्या सगळ्या बायकांना समोर बसवून ‘मला हिला शिकवायचं आहे, तुम्हाला त्यात काय खटकतं?’ असं विचारू शकला नाही. त्या काळी ते शक्य होतं का, हा प्रश्न रास्त आहे. बहुधा नव्हतं. पण बदलाची सगळी किंमत घरातल्या सर्वांत धाकट्या आणि परक्या घरून आलेल्या मुलीने मोजली, हेही तितकंच खरं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ त्यांच्या आईपर्यंत पोचली. याच गोदूबाईंचं, म्हणजे बाया कर्व्यांचं, ‘माझं पुराण’ वाचताना जाणवतं की सुधारकाच्या बायकोचा संसार हा सुधारणेचा रोजचा हिशेब असतो आणि तो तिलाच लिहावा लागतो. आपण या माणसांचे ऋणी आहोत. त्यांच्या काळाने त्यांना जे करू दिलं नाही, ते करणं हे त्या ऋणाची फेड आहे.

स्वातंत्र्यानंतर कायदा एकामागून एक पायऱ्या चढत घरात शिरला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वारस केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्माने हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क सगळ्या देशात आला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. कायद्याच्या बाजूने आता फारसा संशय उरलेला नाही.

घराच्या बाजूने काय होतं? वडील जातात. तेरावा होतो. काही दिवसांनी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी अशी सगळ्यांची नावं लागतात. मग एक दिवस बहिणीला फोन येतो: ‘ताई, एक सही करायला ये. आधार कार्ड आण, फोटो आण.’ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र आधीच टाइप होऊन तयार असतं. ताई अंगठ्याचा ठसा देते, फोटो काढून घेते, सही करते. दुपारी भावाच्या घरी पुरणपोळीचं जेवण होतं, वहिनी ओटी भरते, साडी देते. संध्याकाळच्या एसटीने ताई परत जाते.

या सहीबद्दल शहरात बसून निवाडा देणं सोपं आहे. ताईने सही का केली, हे ताईला विचारावं. माहेर तुटू नये म्हणून, असं बहुतेक जणी सांगतात. कुणाचा नवरा दारू पितो. उद्या काही झालं तर परत यायला एक दार हवं आणि ते दार भावाच्या हातात आहे. काही जणी मनापासून सांगतात की भावाने आईला सांभाळलं, कर्ज फेडलं, मला नको हिस्सा. ही कारणं खरी आहेत. खटकतं ते वेगळंच: ही कारणं सहीच्या आधी कधी बोलली गेलेली नसतात. भावाने विचारलेलं नसतं, बहिणीने सांगितलेलं नसतं. कागद मात्र आधी तयार असतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरात मी याच्या उलट घडलेलं जवळून पाहिलं. दोन भाऊ, तीन बहिणी आणि आई. थोरल्या भावाने वर्षश्राद्धाला सगळ्यांना मुक्कामी ठेवून घेतलं आणि रात्री जेवणं झाल्यावर एक वही समोर ठेवली. त्यात सोसायटीचं पीककर्ज होतं, बोअरसाठी उसने घेतलेले पैसे होते, वडिलांच्या दवाखान्याचा खर्च होता, उसाचं बिल किती आलं तेही होतं. बहिणींना जमीन किती आहे ते ठाऊक होतं. जमिनीवर किती बोजा आहे ते त्या रात्री पहिल्यांदा कळलं. मधली बहीण म्हणाली, ‘मला आत्ता काही नको, पण माझं नाव काढू नका.’ धाकटी म्हणाली, तिला मुलाच्या शिक्षणासाठी गरज आहे, एकदम नको, दर वर्षी थोडं द्या. थोरली गप्प होती. तिला आईने विचारलं, तेव्हा ती रडली आणि म्हणाली, पंचवीस वर्षांत मला या घरात पहिल्यांदाच कुणी काही विचारलं. त्या रात्री सगळं मिटलं नाही. मिटायला दीड वर्ष लागलं, मधे एकदा कडाक्याचं भांडणही झालं. पण दिवाळीला आजही सगळे एका घरी जमतात.

जमीन आणि बोलणं यांचा संबंध शेतकरी चळवळीने फार आधी ओळखला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि लाखो शेतकरी बायका तिथे आल्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करावा, घरच्या लक्ष्मीचं ऋण मान्य करावं. गावोगावी शेतकऱ्यांनी तसं केलं. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता यावं यासाठी परिपत्रक काढलं. पुढे गावातलं घर ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांच्या नावावर लावण्याचं धोरणही आलं.

एका नावाने काय होतं? कुळाचार बदलत नाही, स्वयंपाकघर बदलत नाही. पण जमीन विकायची वेळ आली की तिच्या हिश्श्यापुरती तिची सही लागते. सही हवी म्हणजे तिला सांगावं लागतं, कारण द्यावं लागतं, तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. कायद्याने एवढंच होऊ शकतं आणि एवढं झालं तरी पुष्कळ आहे: ज्याला आजवर कुणी विचारत नव्हतं, त्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, अशी व्यवस्था करणं. पुढचं बोलणं घराने करायचं असतं.

पैशाबद्दल न बोलण्याची किंमत महाराष्ट्राने फार जबर मोजली आहे. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या झालेल्या कितीतरी घरांत कर्जाचा पूर्ण आकडा बायकोला नवरा गेल्यावर कळला. बँकेचं कर्ज माहीत होतं. सावकाराचं माहीत नव्हतं, कृषी केंद्राच्या उधारीचं माहीत नव्हतं, मेहुण्याकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांचं माहीत नव्हतं. ‘बाईमाणसाला कशाला त्रास’ या भावनेने त्या माणसाने ते ओझं एकट्याने वाहिलं. आत्महत्येला एकच कारण कधीच नसतं. नापिकी, भाव, पाणी, सावकारी, सगळं त्यात आहे आणि त्याची जबाबदारी घरावर ढकलणं अन्यायाचं होईल. पण बुडत चाललेल्या माणसाला घरात एक तरी जागा अशी हवी, जिथे तो खरा आकडा उच्चारू शकेल. ती जागा तयार करणं घराच्या हातात आहे. शहरातल्या घरांतही आकडे लपतातच. शेअर बाजारात बुडालेली रक्कम, क्रेडिट कार्डाची थकबाकी, मोबाइलवरच्या ॲपमधून काढलेलं कर्ज, गेलेली नोकरी. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा आणि दिवसभर बागेत बसून संध्याकाळी परतणारा माणूस ही केवळ सिनेमातली गोष्ट नाही.

कामाचं तसंच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी ८१ जणी दिवसात काही ना काही बिनपगारी घरकाम करताना आढळल्या. पुरुष शंभरात २६. करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. आकडा सांगितला की घरात वाद होतो, यादी केली की कमी होतो. म्हणून या पुस्तकात एक साधी गोष्ट सुचवली आहे: घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आठवडाभरातल्या कामांची यादी करावी. भांडी, केर, कपडे, बाजार ही नावं पाच मिनिटांत संपतात. मग हळूहळू बाकीची येऊ लागतात. रात्री विरजण लावणं. कडधान्य भिजत घालणं. गॅस कधी लावला ते लक्षात ठेवून दुसऱ्या सिलिंडरचा नंबर लावणं. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आत आणणं. शाळेच्या ग्रुपवर आलेली सूचना वाचून चार्ट पेपर आणून ठेवणं. नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाची आठवण. स्वयंपाकघरात टांगलेलं दिनदर्शिकेचं पान पाहावं. दुधाचे आकडे, मोलकरणीचे खाडे, गॅसची तारीख, हप्त्याची तारीख बहुतेक घरांत एकाच हस्ताक्षरात असते. यादी पूर्ण झाली की कुणी कुणाला सुनवावं लागत नाही. चौदा वर्षांचा मुलगाही वाचून म्हणतो, एवढं असतं होय!

बदलाचं खरं अवघड ठिकाण म्हणजे विधी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद व्हाव्यात. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं आवाहन केलं आणि अनेक गावांनी तसे ठराव केले. या विचारामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांचा आग्रह होता. आपण गेल्यावर पत्नीवर हे विधी करू नयेत, असं त्यांनी स्वतःपुरतं आधीच लिहून ठेवलं होतं.

झिंजाडे यांनी केलं ते मला ठरावाइतकंच महत्त्वाचं वाटतं. कारण मृत्यूच्या दिवशी ठराव कुणी वाचत नाही. अंगणात गर्दी असते, बाई भानावर नसते, नात्यातल्या वयस्क बायका वर्षानुवर्षं जे पाहिलं तेच करायला पुढे होतात. त्यांच्या मनात दुष्टावा नसतो. त्यांच्यावरही कधीतरी हेच झालेलं असतं. त्या क्षणी ‘थांबा’ म्हणणारं कुणीतरी लागतं आणि तो अधिकार आधी झालेल्या बोलण्यातून येतो. नवऱ्याने धडधाकट असताना मुलांसमोर, भावांसमोर, आपल्या आईसमोर सांगून ठेवलं असेल, तर मुलगा त्या दिवशी म्हणू शकतो, ‘बाबांनी सांगितलंय, आईच्या बांगड्यांना हात लावायचा नाही.’ हळदीकुंकवाला विधवा जावेला बोलावायचं की नाही, हेही संक्रांतीच्या दिवशी दारात ठरवता येत नाही. घरात आधी बोलून ठेवलेलं असलं की त्या दिवशी सासूबाईच उठून तिला कुंकू लावतात. हे मी पाहिलं आहे, आणि पाहणाऱ्या प्रत्येकीचे डोळे भरून आले होते.

म्हातारपणाबद्दल इथे थोडक्यात लिहितो. त्यावर पुस्तकात स्वतंत्र भाग आहे. आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता यावा म्हणून २००७ चा कायदा आहे. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता असं इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. पण अतिदक्षता विभागाबाहेर उभी असलेली मुलं, एक पुण्यात, एक अमेरिकेत फोनवर, जेव्हा एकमेकांना विचारतात की व्हेंटिलेटर लावायचा का, तेव्हा त्यांना कायद्यापेक्षा वडिलांचा आवाज हवा असतो. तो विषय वडिलांनी चांगल्या प्रकृतीत, चहा पिता पिता काढलेला असेल तर मुलं आयुष्यभराच्या टोचणीतून सुटतात. ‘अभद्र बोलू नका’ म्हणून आपण तो विषय दर वेळी बंद पाडतो.

आता एक इशारा, आणि तो मी पूर्ण गांभीर्याने देतो. जिथे हात उगारला जातो, तिथे बैठक हा उपाय नाही. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर बसवून ‘दोघं बोलून मिटवून घ्या’ सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्या तावडीत देणं. बोलण्यासाठी दोघांनाही ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक लागते. भीतीखाली झालेला समझोता हा समझोता नसतो. अशा बाईसाठी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. पोलीस यंत्रणेत बसून पीडित बाईला आधार देणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांबरोबर सुरू केला आणि तो पुढे राज्यभर पोचला. अशा घरातल्या बाईने आधी सुरक्षित व्हावं. घरातल्या इतरांनी तिच्या बाजूने उभं राहावं. बोलण्याची वेळ त्यानंतर, तीही तिला वाटलं तर.

बाकीच्या घरांना बसायचं कसं, हे बचत गटाच्या बायकांकडून शिकण्यासारखं आहे. दहा-वीस जणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गोल करून बसतात. सगळ्या जमिनीवर, सारख्या उंचीवर. विषय आधी सांगितलेला असतो. जी कधी बोलत नाही तिलाही तिच्या कर्जाचं कारण स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. ठरलं ते ठरावाच्या वहीत लिहिलं जातं, वाचून दाखवलं जातं, सह्या होतात. पुढच्या बैठकीची सुरुवात मागचं काय झालं यापासून होते. गावोगावच्या हजारो बायका हे महाराष्ट्रात वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्या गटात कर्जाचा हिशेब निर्भीडपणे मांडणारी बाई घरी आली की पुन्हा दाराआड उभी राहून ऐकते, हे चित्र बदलायला हवं. तिच्याकडे असलेलं कसब तिच्याच घराला उपयोगी पडू द्यावं.

घरासाठी त्यातलं थोडंच पुरे. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी, आणि ती भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची नसावी. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. एका वेळी एकच विषय. मागची उणीदुणी काढायची नाहीत. ‘तू नेहमीच’ आणि ‘तुमच्या घरचे’ ही सुरुवात टाळायची. सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं, सर्वांत मोठ्याने शेवटी, कारण मोठ्याने आधी बोललं की विषय तिथेच संपतो. नवी गोष्ट कायमची म्हणून ठरवायची नाही. तीन महिने करून पाहू म्हणायचं. मुदत असली की विरोध करणाऱ्यालाही वाट मोकळी राहते आणि अनेकदा तोच पुढे ती गोष्ट चालू ठेवतो. जे ठरलं ते लिहायचं. ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही, त्याचं म्हणणंही लिहायचं. काही विषय एका बैठकीत सुटणार नाहीत, काही कधीच सुटणार नाहीत. तरी ते सगळ्यांना माहीत असणं हाही घराला आधार असतो.

घरातली मोठी माणसं एक भीती बोलून दाखवतात: असं सगळ्यांना विचारत बसलं तर वडीलधाऱ्यांचा मान कुठे राहणार? ही भीती हसण्यावारी नेऊ नये. ज्यांनी काटकसरीने घर उभं केलं, त्यांना आपला शब्द मागे पडल्याचं दुःख होणारच. पण ज्या घरात मुलं वडिलांना घाबरून गप्प बसतात, त्या घरात वडिलांना शेवटी फक्त निर्णय कळवले जातात: मुलगा वेगळा राहणार, मुलीने लग्न ठरवलं, घर विकायचं आहे. ऐकून घेणाऱ्या वडिलांना मात्र मुलं आधी येऊन विचारतात. वडीलकीचा यापेक्षा मोठा मान कोणता?

हे पुस्तक पैसा, काम, मिळकत, विधी, मुलं आणि म्हातारपण अशा सहा भागांत आहे. क्रमाने वाचण्याची गरज नाही. आपल्या घरात ज्या विषयावर सगळे गप्प होतात, तो भाग आधी उघडावा. शक्यतो एकट्याने वाचू नये. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि जिथे कुणाला बोलावंसं वाटेल तिथे पुस्तक मिटून ठेवावं.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. येत्या रविवारी घरातल्या कर्त्या माणसाने सगळ्यांना स्वतः बोलावून बसवावं, एक विषय समोर ठेवावा आणि पहिल्यांदा सुनेला, मुलीला किंवा घरातल्या सर्वांत धाकट्याला विचारावं: तुला काय वाटतं? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नये.